फिनिक्सला आल्यापासून नाक कोरडं आणि शिंका सुरू: आधी कोरडेपणाचं बघा, ॲलर्जीचं त्यानंतर

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला. मी अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्स भागात बरीच वर्षं नाक आणि ॲलर्जीचे पेशंट बघतोय आणि भारतातून नवीन आलेली आपली मंडळी जवळपास हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की लहानपण चिपळूणला, नंतर पुण्यात नोकरी, आणि गेल्या ऑगस्टमध्ये मिस्टरांच्या बदलीमुळे तुम्ही फिनिक्सजवळच्या चँडलरला आलात. पुण्यात सर्दी-शिंकांचा थोडा त्रास होता, तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की तिकडे कोरडी हवा आहे, सगळं पळून जाईल. पण दिवाळीच्या सुमारास नाक आतून जळायला लागलं, शिंकरलं की रक्ताची रेष दिसायची, ओठ फुटले, पोटऱ्यांना रात्री खाज. फेब्रुवारीपासून सकाळी उठल्या उठल्या सटासट शिंका आणि डोळे चोळून लाल. सहा वर्षांच्या मुलाचा दोनदा घोळणा फुटला. उपाय म्हणून रोज रात्री सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी, बेडरूममध्ये ह्युमिडिफायर रात्रभर फुल्लवर, आणि सासूबाई फोनवरून सांगतायत नाकात साजूक तूप सोड. आता तुम्ही विचारताय की ही ॲलर्जीच आहे ना, आणि टेस्ट करून घेऊ का.

माझं मत असं की तुम्हाला एक नाही, दोन वेगवेगळे त्रास आहेत, ते एकमेकांत मिसळलेत, आणि सध्या तुम्ही एकाचं औषध दुसऱ्याला देताय. तपासल्याशिवाय खात्रीने कोणीच सांगू शकत नाही हे आधीच सांगतो, पण तुम्ही तारखा इतक्या नीट लिहिल्यात की अंदाज बांधता येतो. दिवाळीला जे सुरू झालं तो कोरडेपणा. फेब्रुवारीत जे सुरू झालं ती बहुतेक ॲलर्जी. कोरड्या नाकात आग होते, खपल्या धरतात, नाक चोंदल्यासारखं वाटतं पण शिंकरलं तर काहीच येत नाही, सकाळी घसा सुकलेला असतो. ॲलर्जीत खाज हे मुख्य लक्षण, नाकाला, डोळ्यांना, टाळूला, आणि एकामागून एक शिंका आणि पाण्यासारखं वाहणारं नाक. दोन्ही एकत्र असलं तर माणूस साहजिकच सगळ्याला ॲलर्जी म्हणून मोकळा होतो आणि गोळी सुरू करतो.

कोरडेपणा इतका का जाणवतो ते समजून घ्या. चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, फिनिक्सला जेमतेम १८०-२०० मिलिमीटर. मे-जूनच्या दुपारी इथली आर्द्रता १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याच्याही खाली जाते. आता आपल्या नाकाचं काम असं की बाहेरची हवा फुप्फुसात पोचेपर्यंत ती शरीराइतकी गरम आणि जवळजवळ पूर्ण दमट करून द्यायची, आणि ते पाणी नाकाच्या अस्तरातूनच जातं. या अस्तरावर चिकट ओला थर असतो, धूळ आणि परागकण त्यात अडकतात आणि बारीक केसांसारखे तंतू तो थर सरकत्या पट्ट्यासारखा मागे घशाकडे नेतात. थर सुकला की हे काम मंदावतं, कचरा तिथेच बसून राहतो, अस्तर सोलवटतं. म्हणजे नाक कोरडं असेल तर ॲलर्जीचे कणसुद्धा जास्त वेळ चिकटून राहतात, आणि म्हणूनच मी कोणत्याही नवीन आलेल्या पेशंटला पहिले दोन-तीन आठवडे फक्त नाक ओलं ठेवायला लावतो. त्यानंतर जे उरतं त्याला ॲलर्जी म्हणून हात घालतो. अपवाद एकच, छातीत घरघर होत असेल, दम लागत असेल किंवा रात्री खोकल्याने जाग येत असेल तर वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर गाठायचा.

आता ओलं ठेवायचं म्हणजे काय. भरपूर पाणी पिणं इथे उन्हासाठी गरजेचंच आहे, पण नुसतं पाणी पिऊन नाकाचा कोरडेपणा जात नाही, हे मला रोज सांगावं लागतं. ओलावा वरून द्यावा लागतो. साधा सलाईनचा, म्हणजे मिठाच्या पाण्याचा स्प्रे, ज्यात कुठलंही औषध नाही असा, दिवसातून चार-पाच वेळा मारा, ऑफिसच्या बॅगेत एक आणि पलंगाशी एक बाटली ठेवा. झोपताना सलाईनचं जेल मिळतं ते बोटाच्या टोकावर मुगाच्या दाण्याएवढं घेऊन नाकाच्या पुढच्या भागात, मधल्या पडद्याला हलक्या हाताने लावा. तुपाबद्दल म्हणाल तर सासूबाईंचा हेतू बरोबर आहे, अस्तराला स्निग्धता हवीच आहे, पण आडवं पडून नाकात तूप किंवा तेल सोडलं की ते घशामागून थोडं थोडं फुप्फुसात उतरू शकतं आणि रोज महिनोन्महिने केलं तर तिथे सूज येऊ शकते. बोटाने पुढच्या कडेला अगदी पुसट लावायला माझी हरकत नाही, थेंब सोडायला आहे. पेट्रोलियम जेलीलाही हेच लागू.

जलनेतीची सवय असेल तर फार छान, शिंकांच्या दिवसांत मी स्वतः ती करायला सांगतो, पण इथे नळाचं पाणी थेट वापरायचं नाही. डिस्टिल्ड पाणी आणा, नाहीतर खळखळून एक मिनिट उकळून कोमट केलेलं घ्या. नळाच्या कोमट पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा क्वचित असतो, पिण्यात गेला तर काही होत नाही पण नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोचतो आणि तो आजार जवळपास प्राणघातकच असतो. लुइझियानात २०११ मध्ये नेतीसाठी नळाचं पाणी वापरलेल्या दोघांचा असा मृत्यू झाला होता. शक्यता फार कमी आहे, पण एक मिनिट पाणी उकळणं हातचं आहे तर धोका कशाला घ्यायचा. पाव लिटर पाण्याला छोटा अर्धा चमचा भरेल त्याहून थोडं कमी मीठ, आयोडीन नसलेलं, आणि चिमूटभर खायचा सोडा, म्हणजे झोंबत नाही.

ह्युमिडिफायर वापरा, पण फुल्लवर ठेवून झोपू नका. आधी आर्द्रता मोजणारं छोटं मीटर आणा, दहा-पंधरा डॉलरमध्ये मिळतं, आणि खोलीत ३५ ते ४५ टक्के राहील असं बघा. ५० च्या वर नकोच. कारण गादी-उशांत वाढणारे धुळीतले सूक्ष्म किडे, ज्यांना इथे डस्ट माइट म्हणतात, त्यांना जगायला ५० टक्क्यांच्या वरची आर्द्रता लागते. कोकणातल्या घरात ते भरपूर असतात, इथे कोरड्या घरात ते टिकत नाहीत, आणि इथे येऊन तुम्हाला झालेला हा एक खरा फायदा आहे, तो बंद खोलीत रात्रभर वाफ सोडून घालवू नका. टाकीत डिस्टिल्ड पाणीच घाला. फिनिक्सचं पाणी फार जड आहे, अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये नळाचं पाणी घातलं की फर्निचरवर पांढरी पूड बसते, तीच नाकात जाते. रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून टाकी उघडी वाळवायची, आठवड्यातून एकदा व्हिनेगरने धुवायची, नाहीतर बुरशी धरते. आणि तुमचं घर जुनं असेल तर छतावर कूलर आहे का बघा, आपल्या विदर्भात असतो तोच प्रकार, ओल्या जाळीतून बाहेरची हवा आत ओढणारा. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या घरात तो नको, परागकणही आत येतात आणि दमटपणाही वाढतो. एसी असेल तर प्रश्न नाही.

मुलाच्या घोळण्याबद्दल काळजी करू नका, पण पद्धत बदला. बहुतेक वेळा रक्त पडद्याच्या अगदी पुढच्या भागातून येतं, तिथे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, सुकलेली खपली बोटाने काढली की फुटतं. डोकं मागे टाकायचं नाही, त्याने रक्त घशात जातं आणि पोरगं उलटी करतं. बसवायचं, किंचित पुढे वाकवायचं, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत धरायचा (वरचं हाड नाही) आणि सलग दहा मिनिटं घड्याळ लावून धरून ठेवायचं, मध्ये सोडून बघायचं नाही, बघण्याच्या नादात गाठ सुटते. डोक्यावर पाणी, कांदा हुंगवणं वगैरेमध्ये वेळ घालवू नका. नखं कापलेली ठेवा, झोपताना ते जेल त्यालाही लावा. दोन वेळा नीट दाबूनही थांबलं नाही, किंवा अर्धा तास होत आला, तर सरळ इमर्जन्सी. सासूबाई ऑक्टोबरमध्ये येणार आहेत आणि रक्त पातळ करायची गोळी घेतात असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांच्यासाठी पहिल्या दिवसापासून सलाईन आणि जेल सुरू करा, त्यांचा घोळणा फुटला तर थांबायला जास्त वेळ लागेल आणि अशा वेळी डॉक्टरकडे लवकर जायचं. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही.

आता ॲलर्जी. वाळवंटात ॲलर्जी नसते हा समज इथे शंभर वर्षांहून जुना आहे. क्षयाच्या रुग्णांना डॉक्टर ॲरिझोनात पाठवायचे, फिनिक्सचा सनीस्लोप भाग तशाच तंबूंच्या वस्तीतून उभा राहिला, नंतर दम्याचे लोक आले. पण येणाऱ्यांना सावली हवी होती, हिरवळ हवी होती, म्हणून तुती लावली, ऑलिव्ह लावले, घरापुढे बर्म्युडा ग्रास पेरलं. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच, गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो तीच वनस्पती, आणि इथल्या परागांच्या ॲलर्जीत तिचा नंबर फार वरचा आहे, एप्रिलपासून पार ऑक्टोबरपर्यंत. टूसॉनकडच्या पिमा काउंटीने १९८० च्या दशकात तुती आणि ऑलिव्हच्या जास्त पराग सोडणाऱ्या झाडांच्या विक्रीवर बंदी घातली, लास व्हेगसकडेही पुढे तसेच नियम आले, पण जुनी झाडं आहेत तिथेच आहेत.

तुमच्या बाबतीत मला फेब्रुवारी महिना महत्त्वाचा वाटतो. त्या वेळी इथल्या उघड्या माळावर बरसेज नावाचं करड्या पानांचं झुडूप फुलतं, ते रॅगवीड या अमेरिकेतल्या ॲलर्जी करणाऱ्या तणाचं अगदी जवळचं नातलग आहे, आणि आपलं गाजर गवतही त्याच कुळातलं. एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याने त्रास होऊ शकतो. साधारणपणे नवीन जागी परागांची ॲलर्जी तयार व्हायला दोन-तीन सीझन जातात, पहिलं वर्ष बरं जातं आणि मग सुरू होतं. तुम्हाला पहिल्याच वर्षी झालंय म्हणून विचारतो, पुण्यात घराजवळ मोकळे प्लॉट, गाजर गवत होतं का आणि पावसाळ्यानंतर त्रास वाढायचा का? उत्तर हो असेल तर ॲलर्जी तुम्ही तिकडूनच घेऊन आलात, इथे फक्त तिचा महिना बदलला. तसंच मेस्क्वीटचं, ते आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडच्या वेड्या बाभळीचं जवळचं नातलग, त्याचा मोहोर एप्रिल-मे, म्हणजे आत्ताच.

औषधात मी पहिला नंबर गोळीला देत नाही, नाकात मारायच्या स्टिरॉइड स्प्रेला देतो, फ्लुटिकासोन वगैरे, इथे चिठ्ठीशिवाय मिळतो. पण मारायची पद्धत चुकली तर तोच स्प्रे कोरड्या पडद्याला जखम करतो आणि लोक म्हणतात मला सूट होत नाही. आधी सलाईन मारून नाक ओलं करा, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. मान किंचित खाली. डाव्या नाकपुडीसाठी बाटली उजव्या हातात, उजवीसाठी डाव्या हातात, म्हणजे तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला वळतं. नोझलचा रोख त्याच बाजूच्या कानाकडे, मधल्या पडद्यापासून लांब. दाबताना हलका श्वास, जोरात ओढलंत तर सगळं घशात जातं. रोज न चुकता, आणि पूर्ण फायदा दिसायला एक-दोन आठवडे लागतात. रोज रक्त येत असेल तर मात्र ते थांबेपर्यंत स्प्रे नको, फक्त सलाईन आणि जेल. मुलाला द्यायचा की नाही, किती, हे त्याच्या डॉक्टरला विचारूनच.

सेट्रिझिन वाईट नाही, पण ती शिंका आणि खाजेची गोळी आहे, नोव्हेंबरमध्ये जळणाऱ्या नाकाला तिचा काही उपयोग नव्हता, उलट काहींना तिने तोंड-नाक आणखी कोरडं पडतं. शिंकांच्या महिन्यांत घ्या, बाकी वेळी बंद. कोरडेपणा जास्त वाटला तर फेक्सोफेनाडिन ही ॲलर्जीची दुसरी गोळी घेऊन बघा, ती फळांच्या रसाबरोबर घेऊ नका, रसाने ती नीट शोषली जात नाही. ॲलर्जीच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या आणि ज्यांच्या नावापुढे 'डी' असतं त्या गोळ्या टाळा, त्या नाक सुकवतात, आणि 'डी'वाल्या बीपीही वाढवतात. भारतातून येताना सगळ्यांच्या बॅगेत नाक मोकळं करायचे थेंब असतात, ते तीन दिवसांच्या वर नकोत, नंतर तेच नाक चोंदवतात.

घरात काय करायचं ते पटकन सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये इथली हवा इतकी छान असते की आपण खिडक्या उघड्या टाकतो, तेच परागांचे दिवस. कपडे मागच्या अंगणात दोरीवर वाळत घालायची सवय असेल तर या महिन्यांत चादरी-उशांचे अभ्रे तरी आत वाळवा. मूल शाळेच्या हिरवळीवर लोळून येतं, आल्यावर कपडे बदलायचे आणि झोपायच्या आधी केस धुवायचे. सोसायटीचे माळी पानं उडवायचं मशीन लावतात तेव्हा दार बंद. एसीचा फिल्टर मर्व्ह (फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याचं माप) ११ ते १३ चा चालतो का घरमालकाला विचारून घ्या, काही जुन्या युनिटला इतका दाट फिल्टर पेलत नाही. गाडीतही एक फिल्टर असतो, तो बहुतेकांनी कधी बदललेलाच नसतो. एसीचा झोत तोंडावर घेऊ नका, डोळे त्यानेच निम्मे सुकतात, त्यासाठी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले साधे अश्रू-थेंब घ्या, लाली घालवणारे नकोत.

त्वचेची खाज ॲलर्जीची असेलच असं नाही, पोटऱ्यांवर बारीक भेगा आणि कोंडा दिसत असेल तर तो कोरडेपणाच. कढत पाण्याची लांब आंघोळ, अंगभर साबण आणि वर घासणी, हे आपलं कोकणातलं चालून जातं, इथे नाही. कोमट पाणी, पाच-सात मिनिटं, साबण फक्त काखा-जांघा-पाय इतकाच, अंग टिपून ओलसर असतानाच जाड क्रीम, डब्यातलं, पंपाच्या बाटलीतलं पातळ लोशन नव्हे. खोबरेल तेल आवडत असेल तर तेही ओल्या अंगावरच.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण सांगणं गरजेचं आहे. इथल्या मातीत एक बुरशी असते, तिने व्हॅली फीव्हर होतो, अमेरिकेतल्या एकूण नोंदींपैकी साधारण निम्म्या केसेस ॲरिझोनातल्याच असतात. धूळ श्वासात गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, छातीत दुखणं, प्रचंड थकवा, सांधेदुखी, कधी अंगावर पुरळ. एकापासून दुसऱ्याला होत नाही. बरेच जण आपोआप बरे होतात, पण डायबेटिस असलेले, गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना तो जड जाऊ शकतो. खोकला आणि ताप आठवड्याच्या वर रेंगाळला तर ॲलर्जी म्हणून घरी बसू नका, डॉक्टरला स्वतःहून सांगा की व्हॅली फीव्हरची रक्ततपासणी करा. आणि सासूबाई परत गेल्यावर तिकडे खोकला सुरू झाला तर तिथल्या डॉक्टरला "मी ॲरिझोनात राहून आले" हे सांगायलाच हवं, कारण एक्स-रेमध्ये डाग दिसला की भारतात पहिला संशय टीबीवर जातो, आणि या बुरशीचा विचार कोणी सांगितल्याशिवाय सहसा होत नाही. धुळीची वादळं मुख्यतः मॉन्सूनमध्ये, म्हणजे १५ जून ते ३० सप्टेंबर, तेव्हा दारं-खिडक्या बंद आणि गाडीत हवा आतल्या आत फिरवायचं बटण.

राहिला टेस्टचा प्रश्न. आत्ता घाई नको. दोन-तीन आठवडे सलाईन-जेल, मग स्प्रे, असं महिना-दीड महिना नीट करा आणि कधी काय होतंय ते कॅलेंडरवर लिहीत जा. त्यानंतरही सकाळच्या शिंका राहिल्या तर हातावरची टेस्ट करा, इथल्या झाडा-गवतांच्या पॅनेलवर, पुण्यात केलेला जुना रिपोर्ट त्यासाठी पुरत नाही. टेस्टच्या आधी सेट्रिझिन साधारण आठवडाभर बंद ठेवावी लागते, नाहीतर काहीच उमटत नाही आणि खर्च वाया जातो. टेस्टमध्ये हरळी किंवा बरसेज निघालं तर ॲलर्जी कमी करणाऱ्या इंजेक्शनचा कोर्स सुचवतील. तो तीन ते पाच वर्षांचा असतो आणि सुरुवातीला दर आठवड्याला जावं लागतं, खर्च इन्शुरन्सवर अवलंबून. मिस्टरांचं पोस्टिंग दोन वर्षांचं असेल तर मी तुम्हाला त्यात पडायला सांगणार नाही, स्प्रे आणि सलाईनवर तेवढे दिवस नीट निघतात. इथेच राहायचं ठरलं असेल तर मात्र तो करण्यासारखा आहे, आणि तसं असेल तर गाजर गवताच्या प्रश्नाचं उत्तर लिहा, टेस्टला जाताना डॉक्टरला नेमकं काय सांगायचं ते त्यावरून सांगता येईल.